टाकी, काटा आणि बाबांची वही

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री पावणेअकराला आईचा फोन आला. मी पुण्यात, एका रिलीजच्या ऐन मध्यात. ती आणि बाबा लग्नाहून परत येताना वर्धा रोडवर अडकले होते. गाडीतलं पेट्रोल संपलं होतं. मागून ट्रकचे आवाज येत होते. शेजारचा मुलगा स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल बाटलीत काढून निघाला होता, त्यामुळे मी काही करायचं नव्हतंच. "तुला फक्त सांगितलं," आई म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "अलीकडे हे विसरतात रे."

मी लगेच म्हटलं, "अगं, काटा बंद आहे ना गाडीचा. त्यात बाबांची काय चूक?"

फोन ठेवला, काम संपवलं, आणि रात्री दीडच्या सुमाराला डोक्यात आलं की काटा तर जवळजवळ दोन वर्षांपासून बंद आहे. दोन वर्षं नीट चाललेली गोष्ट अचानक पडायला लागली, तर आमच्या धंद्यात पहिला प्रश्न एकच असतो: मधल्या काळात काय बदललं?

गाडी मारुती ८००. फेब्रुवारी २००१ ची, पांढरी. धरमपेठेत आमच्या गल्लीत आता तिच्या वयाची दुसरी गाडी नाही. या मॉडेलची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, टाकी २८ लिटरची. आमची गाडी घेतली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. ट्रॅफिक पार्कमधल्या त्या बुटक्या सिग्नलवर मी सायकल थांबवायचो, तेव्हा बाबा बाहेर याच गाडीला टेकून पेपर वाचत उभे असायचे.

गाडी काढून टाकायचा विषय घरात दरवर्षी निघतो. या वर्षी तो जरा गंभीर होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारसाठी त्याची फी दहा हजार झाली. आमची मुदत फेब्रुवारी २०२६ ला संपत होती. आईचं म्हणणं, दहा हजार घालण्यापेक्षा ओला-उबर करा. बाबांचं म्हणणं, गाडी उत्तम आहे, फक्त काटा तेवढा.

म्हणजे काट्यावर बरंच काही अवलंबून होतं. डिसेंबरात पंधरा दिवस घरून काम करायची परवानगी काढली आणि मल्टिमीटर बॅगेत टाकून नागपूरला गेलो.

काटा कधी बिघडला हे घरात सगळ्यांना माहीत आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या गल्लीत ते गुडघ्याच्या वर होतं. गाडी दुपारपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन वाचलं, सीटा गच्चीवर वाळवल्या, कार्पेट फेकलं. त्यानंतर काटा हळूहळू कमी दाखवायला लागला आणि जानेवारी २०२४ मध्ये 'ई' वर जाऊन झोपला तो झोपलाच.

बाबांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांच्या आधीच्या स्कूटरला काटा नव्हताच. खाली एक नॉब: चालू, रिझर्व्ह, बंद. गाडी आचके द्यायला लागली की वाकून नॉब रिझर्व्हवर फिरवायचा आणि पंप शोधायचा. शंका असेल तर झाकण उघडून, गाडी हलवून, डबडब आवाज ऐकायचा. त्या पिढीने काट्यावर कधी पूर्ण भरवसा टाकलेलाच नाही. मारुतीतही ते पहिल्या दिवसापासून वही ठेवत आलेत. ग्लव्ह बॉक्समध्ये, रबर बँड लावलेली, पेनासकट. तारीख, किलोमीटर, किती रुपयांचं, किती लिटर. काटा गेल्यावर त्यांनी त्यात एक रकाना वाढवला: शिल्लक.

पद्धत साधी होती. दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला टाकी फुल्ल करायची, म्हणजे शिल्लक २८. पुढे जेवढे किलोमीटर चालली त्याला ॲव्हरेजने भागायचं आणि वजा करायचं. पेट्रोल टाकलं की मिळवायचं. शिल्लक ४ वर आली की पंपावर. जीपीएस नसताना समुद्रातली जहाजं वेग आणि दिशेवरून आपली जागा काढायची, तसलाच प्रकार. त्यात चूक साचत जाते, म्हणून मध्ये मध्ये खऱ्या किनाऱ्याशी ताळा घ्यावा लागतो. तिमाहीची फुल्ल टाकी हा बाबांचा किनारा. हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. आयुष्यभर बँकेत ताळेबंद जुळवले, त्यातून आलेलं असणार.

ही पद्धत दीड वर्षाहून जास्त काळ एकदाही फसली नाही. मग २०२५ मध्ये दोनदा गाडी बंद पडली: एकदा ऑगस्टमध्ये रविनगर चौकात आणि एकदा ही वर्धा रोडला.

ऑगस्टचं आधी सांगून टाकतो, कारण ते मला माहीत होतं. राखीपौर्णिमेला घरी आलो होतो. मित्रांबरोबर गाडी घेऊन रामटेकला गेलो. परत आल्यावर बाबांनी वही उघडून विचारलं, किती टाकलं? मी म्हटलं, हजार. टाकलं होतं पाचशेचं. का खोटं बोललो याला काही मोठं कारण नाही. हजार म्हणालो की विषय संपतो, एवढंच. चार दिवसांनी ते रविनगरला अडकले तेव्हा मी पुण्याला होतो आणि फोनवर हसत म्हणालो होतो, "काटा दुरुस्त करा आता." पाचशेचं म्हणजे पावणेपाच लिटर. त्यांची राखीव ४ ची. हिशोब बरोबर लागतो.

तेव्हा नोव्हेंबरचं खापरही काट्यावर फोडायला मी आनंदाने तयार होतो.

गोकुळपेठेतले एक ऑटो इलेक्ट्रिशियन बाबांच्या ओळखीचे. साठीचे, कमी बोलणारे. मी त्यांना मल्टिमीटर दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन परत दिला आणि टेस्ट लॅम्प काढला.

जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा पेट्रोल मोजतच नाही. टाकीत एका दांडीच्या टोकाला तरंगणारा गोळा असतो. पातळीबरोबर तो वरखाली होतो, दांडीचं दुसरं टोक एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतं. डॅशबोर्डातल्या मीटरमधून निघालेला करंट या पट्टीतून जाऊन गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला मिळतो. टाकी भरलेली असली की रेझिस्टन्स कमी, करंट जास्त, काटा वर. रिकामी असली की उलट. (काही गाड्यांत हे बरोब्बर उलटं असतं, आमच्यासारख्या जपानी घराण्यातल्या गाड्यांत बहुधा असं.) त्या काळच्या बऱ्याच मीटरांत काटा हलवणारी दोन धातूंची एक पट्टी असते. करंटने ती तापते आणि वाकते. तापायला वेळ लागतो, म्हणून चावी फिरवली की काटा सावकाश उठतो, आणि वळणावर पेट्रोल डुचमळलं तरी तो नाचत नाही. आजच्या गाड्यांत हेच काम सॉफ्टवेअर सरासरी काढून करतं. मी नोकरीत असली सरासरी काढणारा कोड लिहिलेला आहे. तापलेल्या पत्र्याने ते फुकटात होतं हे कळल्यावर थोडं अपमानास्पद वाटलं.

बिघाड चार ठिकाणी असू शकतो: मीटर, वायर, टाकीतलं युनिट किंवा अर्थ. शोधायची रीत ही की प्रत्येकाला एकेक करून निर्दोष ठरवायचं. टेम्परेचरचा काटा चालत होता, म्हणजे फ्यूज आणि वरचा सप्लाय ठीक. मागची सीट उचलून टाकीकडे जाणारा कनेक्टर सोडवला. मीटरकडून येणाऱ्या वायरीचं टोक क्षणभर बॉडीला टेकवलं आणि बाबांना सांगितलं, काट्याकडे बघा. "उठतोय," बाबा म्हणाले. "उठतोय... उठतोय." दोन वर्षांनी. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली. मग टाकीतल्या युनिटचा रेझिस्टन्स मोजला. स्थिर आकडा, गाडी हलवली की थोडा हलणारा. गोळा तरंगतो आहे, पट्टी शाबूत. टाकी उतरवायची गरज नाही. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगीचे खेळ करायचे नसतात, त्यामुळे सगळ्यात मोठा सुस्कारा मी इथे टाकला.

राहिली अर्थची वायर. काकांनी टॉर्च मारला. स्क्रू, त्याखालची रिंग आणि बॉडीचा पत्रा यांच्यामध्ये पुराचा वाळलेला गाळ आणि गंज यांचा एक तपकिरी केक झाला होता. मीटर लावला तर जिथे जवळजवळ शून्य यायला हवं तिथे नव्वदच्या पुढे, तोही सारखा बदलणारा.

"याले अर्थच नाही भेटून राहिला जी," काका बाबांना म्हणाले.

बाबा खळखळून हसले. "आम्हाला तरी कुठे भेटला?"

सँडपेपर, नवा स्क्रू, वरून व्हॅसलीनचा थर. वीस मिनिटं. काका पैसे घेत नव्हते, बाबांनी शंभर रुपये बळेच खिशात कोंबले. चावी फिरवली. काटा सावकाश उठला आणि पावच्या जरासा खाली येऊन थांबला.

बाबांनी वही काढली. रबर बँड मनगटात घातला. "शिल्लक साडेअकरा आहे," ते म्हणाले. "काटा पाऊणेक इंच खाली दाखवतोय. अजून दुरुस्त झाला नाही हा."

साडेअकरा लिटर म्हणजे काटा पाव आणि अर्ध्याच्या मध्ये हवा होता. पाव म्हणजे सात.

मी म्हणालो, असेल, गोळ्याची दांडी वाकली असेल, जुन्या काट्यांना एवढी चूक चालते. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, काही बोलले नाहीत.

संध्याकाळी बाबा फिरायला गेले तेव्हा मी वही घेऊन बसलो. खरं तर मला एक सुटका सापडली होती: पेट्रोल बदललं होतं. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी पडेल. बाबा जुनंच ॲव्हरेज धरत असतील तर दर हजाराच्या पेट्रोलमागे अर्ध्या-पाऊण लिटरची चूक, आणि ती साचत जाणार. मी ते सगळं फोनवर मांडून ठेवलं, आणि बाबा आले तसं त्यांना सांगितलं. सांगताना आवाजात जरा जास्तच उत्साह होता.

त्यांनी वही घेतली, पानं मागे उलटली आणि १ एप्रिल २०२५ च्या ओळीवर बोट ठेवलं. समासात त्यांच्या बारीक अक्षरात: 'ॲव्ह. १५.२ वरून १४.३. पेट्रोल बदलले आहे. यापुढे १४.३ धरणे.'

"धरलंय मी ते," बाबा म्हणाले.

म्हणजे देशभर ज्यावरून वाद पेटायचा होता, ते त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर स्वतःच्या वहीत पकडलं होतं आणि दुरुस्तही केलं होतं. मला अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटली. कारण आता यादीत काही उरलं नव्हतं.

रात्री दोघं झोपल्यावर मी पुन्हा पानं पाहिली. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. १८ नोव्हेंबर, हजार रुपये, ९.६ लिटर. १९ नोव्हेंबर, हजार रुपये, ९.६ लिटर. दोन्ही ओळींत किलोमीटरचा आकडा एकच: ७८,४१२. लग्नाच्या रात्री वहीत साडेनऊ लिटर शिल्लक होती आणि टाकीत काहीच नव्हतं.

६ आणि ७ डिसेंबर, पाचशे रुपये, दोनदा. किलोमीटर तेच.

मागे गेलो. १३ आणि १४ सप्टेंबर. तेच. त्याआधी, २००१ पर्यंत मागे गेलो नाही, पण काटा बंद पडल्यापासून ऑगस्टपर्यंत असं एकही नाही. आणि १ ऑक्टोबरला, टाकी फुल्ल केल्याच्या ओळीपुढे, लाल शाईत: 'फरक ९ लि. ?'

त्या प्रश्नचिन्हाकडे मी बराच वेळ बघत बसलो. त्यांनी फरक पाहिला होता. कोणाला बोलले नव्हते.

सकाळी आईला सांगावं की नाही, बाबांना विचारावं की नाही, काट्यालाच वाईट ठरवून पुण्याला निघून जावं का, हे सगळं माझ्या डोक्यात चालू होतं. शेवटचा पर्याय मी जेवढ्या गंभीरपणे तपासला तेवढा तपासायला नको होता. काट्याची बदनामी आधीच झालेली होती. थोडी आणखी झाली असती.

पण बाबा आंघोळ करून, शर्ट खोचून तयार होते. "चल," म्हणाले, "फुल्ल करून बघू. वही बरोबर असेल तर साडेसोळा बसेल. तुझा काटा बरोबर असेल तर एकवीस."

रविवारची सकाळ होती, चौदा तारीख. वेस्ट हायकोर्ट रोडला अजून गर्दी नव्हती. पंपावर बाबा नेहमीसारखे उतरून मशिनसमोर उभे राहिले. शून्य बघून घेतलं. मी त्यांच्या मागे. आकडे पळायला लागले. दहा. चौदा. साडेसोळा आलं आणि गेलं. मला नोझल बंद करावंसं वाटलं. अठरा, वीस. २१.२ वर खटका पडला.

बाबांनी पैसे दिले. गाडीत बसले, वही मांडीवर घेतली, लिहिलं: '२१.२. शिल्लक होती ६.८. वहीत ११.५.' खाली रेघ. मग मागच्या पोराने हॉर्न दिला म्हणून गाडी पुढे घेऊन कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि शर्टाच्या खिशातून फोन काढून मला दिला.

"त्या यूपीआयमध्ये बघ जरा," ते म्हणाले. "सहा तारखेला आणि सात तारखेला. दोन्ही दिवशी गेलेत का पैसे."

मी बघितलं. खरं तर मला माहीत होतं. "सहालाच," मी म्हटलं.

"आणि अठरा नोव्हेंबर?"

"एकदाच."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर जे होतं ते वाईट वाटण्यापेक्षा ताळेबंदातली तूट सापडल्यासारखं जास्त होतं, किंवा मला तसं बघायचं होतं. मग मी ऑगस्टचं सांगितलं. हजार नव्हे, पाचशे. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे ती चूक माझी नव्हती," ते म्हणाले. आणि पेन उघडून, चार महिने मागे जाऊन, ती ओळ दुरुस्त केली. मी एवढं मोठं काहीतरी कबूल केलं होतं आणि त्यांना फक्त हायसं वाटलं होतं.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांकडे ते स्वतःहून आले, वही घेऊन. डॉक्टरबाईंनी ती शांतपणे पाहिली, तारखा लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, एवढा नेमका रेकॉर्ड कोणी आणत नाही. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कागदावर घड्याळ काढून काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावायला सांगितले. काटे बरोबर लागले. तीनपैकी दोन शब्द आठवले. रक्त तपासलं, बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. तेच कारण असेल असं त्या म्हणाल्या नाहीत, नसेल असंही म्हणाल्या नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या. गाडी चालवण्याबद्दल आईने विचारलं, तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते. दिवसा, गावात, ओळखीच्या रस्त्यांवर, आणि आई शेजारी: असं ठरलं.

आरटीओचे दहा हजार भरायचे ठरले आहेत. आई त्याबद्दल काही बोलत नाही.

काटा आता उत्तम चालतो. बाबा तरीही वही लिहितात. काट्याचा एक रकाना त्यांनी वाढवला आहे, पाव, अर्धा, पाऊण. पेट्रोल टाकलं की मशिनवरच्या आकड्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर येतो. त्यासोबत काही लिहिलेलं नसतं. मी अंगठा पाठवतो आणि इकडे एका शीटमध्ये तीच ओळ लिहून ठेवतो. ही दुसरी वही त्यांना माहीत आहे की नाही, मला नक्की सांगता येणार नाही.

गेल्या मंगळवारी फोटो यायला हवा होता, माझ्या हिशोबाने शिल्लक चारवर आली होती. आला नाही. अकरा वाजता मी फोन केला.

"गाडी काढलीच नाही दोन दिवस," बाबा म्हणाले. "पाव दाखवतोय काटा. तुझी शिल्लक किती आहे?"